करी देबाल: व्हिनेगर कधी घालायचं?

नाताळ जवळ आलाय, म्हणून आज एक झणझणीत, आंबट कोंबडी. नाव करी देबाल. इंग्रजीत तिला डेव्हिल्स करी म्हणतात. मलेशियातल्या मलाक्का शहरात आणि सिंगापुरात क्रिस्तांग लोक राहतात, पोर्तुगीज आणि मलय अशा मिश्र वंशाचे. त्यांच्या घरी नाताळात ही हवीच. सणाचं उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी हिच्यातच पडतं. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का, त्यामुळे व्हिनेगर घातलेली ही करी आपल्याला विंदालूची बहीण वाटते.

मीही तशीच फसले. पहिल्यांदा केली तेव्हा विंदालूसारखं व्हिनेगर सुरुवातीलाच ओतलं. तासाभरात कोंबडी हाडापासून सुटली, बटाटे मात्र कचकचीत! पाहुणे पानावर बसलेले. शेवटी बटाटे वेचून काढले आणि नुसता रस्सा पावाबरोबर वाढला. आंबटात बटाट्यातलं पेक्टिन सहज विरघळत नाही, म्हणून ते मऊ पडत नाहीत. आमटीत चिंचेचा कोळ आपण डाळ शिजल्यावरच घालतो ना? तसंच आहे हे.

एक किलो कोंबडीला पंधरा-वीस सुक्या मिरच्या कोमट पाण्यात भिजवा. निम्म्या ब्याडगी घेतल्या तर रंग येतो आणि घरातली मुलंही जेवतात. त्यात पाव किलो सांबार कांदे, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन इंच ओलं कुलिंजन, हळद आणि गवती चहाचे दोन बुडखे. पाती नव्हे, खालचा पांढरा भाग. आपण नेमका तोच टाकून देतो. तिकडे दाटपणासाठी बुआ केरास नावाचं तेलकट बी वाटतात. ते कच्चं खाऊ नये. आपल्याकडे आठ काजू चालतात. सगळं बारीक वाटा.

आता घाई नको. अर्धी वाटी तेलात हे वाटण मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. तेल कडेने सुटेपर्यंत आणि कांद्याचा उग्र वास जाईपर्यंत परतायचंच. इथे कंटाळलात तर पुढे काहीही घालून चव सुधारत नाही. मग कोंबडी, मीठ, बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि दोन वाट्या पाणी. झाकण ठेवा.

तोवर मोहरी. एक मोठा चमचा मोहरी थोड्या पाण्यात फेसा, लोणच्याला फेसतो तशी, आणि दहा मिनिटं ठेवा. तिचा नाकात जाणारा झणका पाण्यात फेसल्यावरच तयार होतो. व्हिनेगर आधी घातलं तर तो नीट येत नाही. नंतर तीन मोठे चमचे व्हिनेगर आणि चमचाभर साखर मिसळा. बटाट्यात सुरी अलगद गेली की हे मिश्रण घाला आणि पाचच मिनिटं उकळा. जास्त उकळलं तर झणका उडून जातो.

भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम नको, व्हिनेगर त्याला खातं. टोमॅटो आणि नारळाचं दूध मी घालत नाही, मोहरी दबते.

शक्य असेल तर आदल्या रात्री करून ठेवा. सकाळी चाखून बघा, व्हिनेगरची धार बोथट झालेली असते. मग हवं असेल तर अजून अर्धा चमचा.