कोट्याच्या धाकातून वाढलेला धंदा

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना बांगलादेशचा तयार शर्ट आता नवा नाही. २०११ मध्ये भारताने दारू-तंबाखूचे २५ प्रकार वगळून शेजारच्या मागास देशांचा माल बिनशुल्क आत येऊ दिला, तेव्हापासून हा शर्ट आपल्या बाजारात उतरतो. कापड पुष्कळदा चीनचे असते, ही आपल्या लोकांची तक्रार. ती खोटी नाही. पण ज्या देशात निर्यातीला ताग नि चहाच, तिथे हा धंदा आला कोठून?

१९७४ च्या मल्टी फायबर कराराने अमेरिका-युरोपात कोणत्या देशाने किती कपडा धाडावा याचा कोटा बांधला. कोरियाचा कोटा भरला. बांगलादेशावर मात्र मर्यादा नव्हती, कारण त्याच्याकडे विकायलाच काही नव्हते! कोरियाच्या दाएवू कंपनीने १९७९ मध्ये 'देश गारमेंट्स'ची १३० माणसे नेऊन शिकवली. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे नोकरी सोडली; कोणी दुसऱ्याचा कारखाना उभा करून दिला, कोणी स्वतःचा काढला. सरकारनेही शहाणपण केले. परदेशी गिऱ्हाइकाच्या एल.सी.च्या तारणावर दुसरी एल.सी. उघडून कापड उधार मागवायचे, बाँडच्या गोदामात बिनशुल्क ठेवायचे, शिवलेला माल गेला की पैसे फेडायचे. हाताशी भांडवल नसलेल्याला आणखी काय हवे?

२००५ च्या १ जानेवारीला कोटा संपला. सारा धंदा चीन गिळणार, असे भाकीत होते. तसे झाले नाही. युरोपने २००१ पासूनच मागास देशांना शुल्क माफ केले होते आणि हातही तयार झाले होते. लाखो बायका पगारावर आल्या. सरकारी हिशेबाने २००० साली जवळजवळ निम्मी जनता गरीब होती, २०२२ मध्ये १८.७ टक्के. सगळे श्रेय शिलाईला देता येणार नाही; आखातातून येणारा पैसा आणि भातशेतीही त्यात आहे.

आणि शुल्कमाफीच्या करारात भिंतीच्या भेगांचे कलम नसते. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेवर माणसे गेली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत धाडले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये बांगलादेशने 'मागास' यादीतून बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ठरवली. त्यानंतर युरोपची माफी आणखी तीन वर्षेच. पुढे सवलत हवी तर नुसती शिलाई पुरत नाही, कापडाचे विणकामही घरचे दाखवावे लागते. आणि शर्ट-पँटचे बरेचसे कापड ढाक्याला अजून बाहेरूनच येते.