उष्णतेचे गणित आणि एक हट्टी गुणांक

उसाच्या पट्ट्यातील सोनपेठसारख्या तालुक्यात गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाड जळते, तेव्हा काहिलीतील रसाला किती उष्णता मिळते आणि धुराड्यातून किती वाया जाते, हे संगणकावर आधीच पडताळता येते. त्यासाठी चुलाणाच्या पोकळीचे लाखो सूक्ष्म घनांत विभाजन करून प्रत्येक घनातील वेग, दाब आणि तापमान यांची समीकरणे सोडवली जातात.

या गणनशास्त्राचा पाया रचणाऱ्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी सुहास पाटणकर यांचे स्थान मोठे आहे. दाबासाठी स्वतंत्र समीकरण नसल्याने तो आधी अंदाजाने धरावा, त्यावरून वेग काढावा आणि वस्तुमानाचा हिशेब जुळेपर्यंत दोन्ही सुधारत राहावे, ही ‘सिंपल’ नावाची पद्धत त्यांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह १९७२ मध्ये मांडली, तर १९८० च्या त्यांच्या ग्रंथाने ती जगभरच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचवली.

या पद्धतीची सारी गती शिथिलीकरण गुणांकावर, म्हणजे प्रत्येक फेरीत सुचलेल्या दुरुस्तीचा किती अंश स्वीकारायचा हे ठरवणाऱ्या संख्येवर, अवलंबून असते. तो मोठा घेतला तर गणित भरकटते, लहान घेतला तर फेऱ्या वाढत जातात. पाटणकरांनी वेगासाठी ०.५ आणि दाबासाठी ०.८ ही मूल्ये सुचवली, पण तीच सर्वोत्तम असल्याचा दावा केला नाही. ही मोकळी जागा उत्क्रांती-गणन भरू शकते: गुणांकांच्या अनेक जोड्यांची एक पिढी घ्यायची, कमी फेऱ्यांत उत्तर देणाऱ्या जोड्या निवडायच्या, त्यांचा संकर करून किंचित उत्परिवर्तन घडवायचे आणि नवी पिढी पुन्हा पारखायची. जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथाने या विचाराला शास्त्रीय बैठक दिली.

अडचणी मात्र गंभीर आहेत. ४० जोड्या ३० पिढ्या पारखल्या, तर १,२०० गणने करावी लागतात, त्यामुळे वाचवायचा वेळ शोधातच खर्च होतो; मोठ्या घनांच्या ढोबळ जाळीवर शोध घेतला तर हा खर्च घटतो, परंतु तेथे उत्तम ठरलेला गुणांक सूक्ष्म जाळीवर किंवा वेगळ्या आकाराच्या चुलाणात टिकेलच असे नाही. त्याहून मोठा धोका निकषात आहे. गुणांक फार लहान असला की दोन फेऱ्यांतील फरक आपोआप नगण्य होतो आणि अपुरे गणितही पूर्ण झाल्याचा भास होतो. केवळ हा फरक पाहून फेऱ्या थांबवल्या, तर उत्क्रांती नेमक्या अशाच फसव्या जोड्यांना जगवील. म्हणून जळणातून मिळालेली उष्णता आणि रस, भिंती व धूर यांत गेलेली उष्णता यांचा ताळेबंद जुळल्याशिवाय कोणत्याही जोडीला पुढच्या पिढीत प्रवेश देऊ नये. जळण वाचवण्याचा निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचा, त्यांत खरेपणाची अट वेगाच्या आधी यायला हवी.