मुक्कामाचा परवाना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही कागद आला की तो माझ्यापुढे ठेवला जातो. सातबारा असो, सोसायटीची नोटीस असो, नाहीतर विजेचे बिल असो, आजीचे एकच म्हणणे, "पोर कालेजमा शे, तिले दखाडा." मागील वर्षी मात्र असा एक कागद माझ्यापुढे आला की तो मराठीत नव्हता आणि इंग्रजीतही नव्हता. तो जर्मन भाषेत होता आणि माझ्या मामेबहिणीचे पुढचे सारे आयुष्य त्याच्यावर अवलंबून होते. त्या निमित्ताने जे शिकले ते माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी या विषयातली जाणकार नव्हे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणतरुणींना पाठविण्याचे उद्दिष्ट ठेवले. परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, वाहनचालक असे अनेक धंदे त्यात आहेत. जर्मनीत वृद्धांची संख्या वाढली असून काम करणारे हात कमी पडत आहेत. इकडे आपल्या कसमादे भागात तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा बसल्या आणि कांद्याच्या भावाचा तर भरवसाच नाही. तेव्हा मुलांचे पाय बाहेर वळणारच.

माझी ताई या कराराच्या आधीच, २०२३ च्या अखेरीस गेली. तिने नर्सिंगचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम केला होता. मामांनी तिच्यासाठी कर्ज काढले होते. आमची सर्वांची समजूत अशी की व्हिसा मिळाला म्हणजे काम झाले. ही समजूत चुकीची आहे. व्हिसा म्हणजे दाराची किल्ली. घरात राहण्याचा हक्क त्याने मिळत नाही. तो तिकडे गेल्यावर वेगळा मागावा लागतो.

तिकडे पोचल्यावर राहण्याची जागा मिळताच दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. ती नसेल तर पुढचे कागद हलत नाहीत. त्यानंतर व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परकीय नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. हे परवाने अनेक प्रकारचे असतात. धंदेशिक्षण घेतलेल्या कुशल कामगारासाठी निवास कायद्याचे कलम १८अ आहे आणि पदवीधरासाठी १८ब. परंतु ताईला यातले काहीच लगेच मिळाले नाही. आपली पदविका जर्मन अभ्यासक्रमाच्या बरोबरीची आहे काय, हे तेथे आधी तपासतात आणि बहुधा काही विषय, काही तास कमी भरतात. ती उणीव भरून काढण्यासाठी कलम १६ड खाली वेगळा परवाना देतात. त्या काळात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करायचे, भाषा वाढवायची, आणि एक तर पूरक प्रशिक्षण पुरे करायचे, नाहीतर ज्ञानपरीक्षा द्यायची. ताईने परीक्षा दिली व उत्तीर्ण झाली. पूर्ण परिचारिका म्हणून काम करण्याचे प्रमाणपत्र तिच्या हाती आले. आता तिला १८अ चा, म्हणजे कुशल कामगाराचा परवाना मागायचा होता.

या अर्जाला काय काय लागते? पारपत्र, नोकरीचा करार, व्यवसाय करण्याचे प्रमाणपत्र, आरोग्य विमा, पत्त्याच्या नोंदीचा दाखला आणि छायाचित्र. मे २०२५ पासून छायाचित्र कागदावर चालत नाही, ते संगणकीय पद्धतीनेच द्यावे लागते. शुल्क शंभर युरोच्या आसपास. तेथील केंद्रीय रोजगार संस्थेची संमतीही लागते, पण ती कार्यालय आपण होऊन मागवते. बोटांचे ठसे घेतात आणि मग बर्लिनच्या सरकारी छापखान्यात कार्ड तयार होते. परवाना जास्तीत जास्त चार वर्षांचा मिळतो. करार त्याहून कमी मुदतीचा असला तर परवानाही कमी मुदतीचा.

खरी अडचण पुढेच होती. २०२५ च्या पावसाळ्यात ताईच्या जुन्या कार्डाची मुदत संपत आली आणि कार्यालयाची भेटीची तारीखच मिळेना. बरोबरच्या एकीने सांगितले, "तारीख मिळेल तेव्हा अर्ज दे, काही होत नाही." ताई थांबली. रात्री फोनवर ती रडली, तेव्हा मी जर्मन सरकारचे 'मेक इट इन जर्मनी' हे संकेतस्थळ उघडून बसले. ते इंग्रजीतही आहे. शब्दकोश शेजारी घेऊन दोन रात्री वाचले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. भेट केव्हा होते याला महत्त्व नाही. अर्ज केव्हा पोचला याला महत्त्व आहे. मुदत संपण्याआधी अर्ज पोचला तर कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे निर्णय होईपर्यंत जुना परवाना, त्याच्या अटींसकट, चालू आहे असे मानले जाते. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही, आणि काम करण्याचा हक्कही धोक्यात येतो. ताईने मुदतीच्या आठ दिवस आधी सर्व कागद पाठविले व पोच जपून ठेवली.

मग जो कागद आला तोच आजीने माझ्यापुढे ठेवायला लावलेला. त्याचे जर्मन नाव 'फिक्टिओन्सबेशाइनिगुंग'. शब्दशः 'कल्पित प्रमाणपत्र'. घरात सर्वांना धसका बसला. कल्पित म्हणजे खोटे की काय? परंतु आपल्या मराठी कायद्यात 'मानीव' असा छान शब्द आहे, तोच अर्थ येथे आहे. परवाना मानीव रीतीने चालू आहे, असे ते प्रमाणपत्र सांगते.

दिवाळीच्या तोंडावर मामांचे नाशिकला ऑपरेशन ठरले. ताईला यायचे होते. आली आणि परत जाता आले नाही तर? त्या कागदावर तीन चौकटी असतात. खूण तिसऱ्या चौकटीत, म्हणजे जुना परवाना चालू असल्याच्या चौकटीत असेल, तर जुने कार्ड आणि पारपत्र बरोबर ठेवून परत प्रवेश करता येतो. पहिल्या चौकटीत असेल तर तसा हक्क नसतो. मी फोनवर त्या कागदाचे चित्र मोठे करून पाहिले. खूण तिसरीत होती. ताई आली, मामांच्या उशाशी दहा दिवस बसली आणि परत गेली. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा पहिल्यांदा अर्थ समजला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुशल कामगाराचा परवाना तीन वर्षे हाती राहिला, छत्तीस महिने निवृत्तिवेतनाचा हप्ता भरला आणि बी-१ पातळीची भाषा आली, की इतर अटी पाळून कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. ही तीन वर्षे देशात पाऊल ठेवल्या दिवसापासून मोजत नाहीत, कुशल कामगाराचा परवाना मिळाल्यापासून मोजतात. म्हणून उशीर परवडत नाही. पहिल्या दोन वर्षांत नोकरी बदलायची झाली तर आधी कार्यालयाला विचारावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आपले सटाणे एका सरकारी अधिकाऱ्याला देव मानते. दुष्काळात लोकांसाठी खजिना उघडणारे देवमामलेदार यशवंतराव महाराज आपले ग्रामदैवत आहेत. कचेरीतल्या माणसाच्या एका निर्णयाने किती घरे तरतात, हे आपल्या गावाला वेगळे सांगायला नको. पण प्रत्येक कचेरीत देवमामलेदार भेटेलच असे नाही. अशा वेळी आपणच कागद वाचायला शिकले पाहिजे. तुमच्याही घरातून उद्या कोणी जाईल. त्याचा कागद तुमच्यापुढे आला तर घाबरू नका. प्रथम मुदतीची तारीख पाहा, आणि ती उलटण्याआधी अर्ज पोचता करून पोच जवळ ठेवा.