टाकीचं झाकण उघडताना

गोव्यातल्या कांदोळीत एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून पाणी साठवलेलं आहे. आरोग्य कर्मचारी ताई कडेला उकिडव्या बसतात, उन्हाकडे तोंड करून. पाण्यावर सावली पडली की अळ्या तळाला पळतात. लांब दांड्याचा पांढरा डाव त्या तिरका, अलगद बुडवतात आणि वर घेतात. पांढऱ्या बुडावर करडे दोरे वळवळतात.

"आडव्या तरंगतायत बघा. मलेरियाच्या डासाच्या." डेंग्यूच्या एडिसची अळी डोकं खाली करून लटकते.

गोव्यात मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सायला गटार नको, स्वच्छ पाणी लागतं: गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामावरचं साठवण. किनाऱ्यावर हॉटेलं वाढतात तशी त्याची घरंही वाढतात. बांधकाम मजुराला मलेरिया झाला, तर त्याला चावलेला डास काही दिवसांनी शेजारच्या खोलीत झोपलेल्या पाहुण्यालाही चावू शकतो. म्हणून इथे मजुरांचं रक्त तपासून आरोग्यपत्र देतात. मजूर यात गुन्हेगार नाही. त्याच पाण्याशेजारी तो रोज उघड्यावर झोपतो, पहिला घाव त्याच्यावरच पडतो.

ताई पुढे निघतात. टाकीचं झाकण, विहिरीची जाळी, कुंडीखालची बशी, करवंट्या, फ्रिजमागचा ट्रे. विहिरीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात, काही ठिकाणी बीटीआय या जिवाणूचं औषध टाकतात. बशी मात्र नुसती उपडी करून भागत नाही, घासावी लागते. एडिसची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन् महिने तग धरतात.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ही फेरी दर आठवड्याला हवीच. हॉटेलमालकांनी ताईंना रिसेप्शनवर ताटकळत न ठेवता थेट गच्चीची किल्ली द्यावी. पाहुणचार तिथून सुरू होतो.

पाहुण्यांनीही काळजी घ्यावी. एडिस दिवसा चावतो, अ‍ॅनॉफिलिस संध्याकाळनंतर, म्हणून डास पळवणारं मलम दोन्ही वेळा लावावं. डेंग्यूचा ताप चावल्यानंतर 4 ते 10 दिवसांनी चढतो, मलेरियाचा बहुधा त्याहून उशिरा, कधी कित्येक महिन्यांनी. तोवर आपण पुण्याला, नागपूरला परतलेलो असतो. तेव्हा ताप आला तर अंगावर काढू नका, मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्त तपासा. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता कुठे जाऊन आलात ते आधी सांगा.