शोधनिबंधातील आकृत्या कशाने काढाव्यात?

काही वर्षांपूर्वी आमच्या एका शोधनिबंधावर परीक्षकांचा अभिप्राय आला. मजकुराबद्दल फारशी तक्रार नव्हती. दोनच सूचना होत्या: एका दिवसाची शंकास्पद निरीक्षणे वगळावीत आणि आलेखांच्या उभ्या अक्षावर लॉगरिथमी प्रमाण घ्यावे. वाचायला किती सोपे! पण निबंधातल्या सहाही आकृत्या आम्ही माऊसने एकेक रेघ, एकेक अक्षर जागेवर सरकवून सजवल्या होत्या. त्या पुन्हा काढण्यात चार दिवस गेले. एवढे करूनही एका आकृतीत वगळलेल्या दिवसाचे तीन बिंदू तसेच राहिले. निबंध परत पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी ते एका सहकाऱ्याच्या नजरेस पडले म्हणून बरे. नाहीतर मजकूर एक सांगतो आणि आकृती दुसरेच, असा निबंध आमच्या नावावर छापला गेला असता.

तेव्हापासून सॉफ्टवेअर निवडताना ‘यात आलेख किती देखणा दिसतो?’ हा प्रश्न आम्ही सर्वांत शेवटी विचारतो. त्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, ते पाहू.

आकृती कोणत्या प्रकारची आहे?

शोधनिबंधात साधारणपणे तीन प्रकारच्या आकृत्या असतात. पहिला प्रकार आलेखांचा. यातली प्रत्येक खूण कोणत्या तरी मोजमापातून आलेली असते. दुसरा रेखाचित्रांचा, म्हणजे उपकरणाची मांडणी किंवा प्रयोगाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या आकृत्यांचा. तिसरा प्रतिमांचा; उदाहरणार्थ, सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र. तिन्ही कामे एकाच सॉफ्टवेअरकडून करून घेण्याचा मोह होतो. पण सुतार करवतीने रंधा मारत नाही. आलेखांसाठी ग्नूप्लॉट, आर किंवा मॅटप्लॉटलिब, रेखाचित्रांसाठी इंकस्केप आणि प्रतिमांवरील मोजमापांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेले इमेज-जे अशी वाटणी करता येते. ही सर्व सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात.

आकड्यांशी नाते टिकते का?

स्प्रेडशीटमध्ये आकडे भरून एक बटण दाबले की आलेख तयार होतो. लहान कामाला ही सोय उत्तम आहे. अडचण अशी की, त्यानंतर आपण माऊसने काय काय बदलले याची नोंद कुठेच राहत नाही. शिवाय सोयीचा अतिरेकही नडतो. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी काही मानवी जनुकांची नावे होती. एक्सेलमध्ये ती भरली की तारखा समजून बदलली जात आणि अशा चुका प्रसिद्ध शोधनिबंधांतही शिरल्या. अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने अशी नावे टाळण्याविषयी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. ‘सेप्ट२’चे नाव आता ‘सेप्टिन२’ आहे.

दुसरा मार्ग आज्ञा लिहून आलेख काढण्याचा. ग्नूप्लॉट १९८६ साली आले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ‘आर’ तयार केले. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत-संकेतांचा अभ्यास करणारे जॉन हंटर यांनी स्वतःच्या गरजेतून मॅटप्लॉटलिब रचले. ते २००३ साली प्रथम उपलब्ध झाले. या सर्वांत आपण आज्ञांची एक छोटी फाईल लिहितो: ‘निरीक्षणांची फाईल वाच, पहिला स्तंभ आडव्या अक्षावर घे, दुसरा उभ्या, उभा अक्ष लॉगरिथमी ठेव, आकृती ९ सेंटिमीटर रुंद कर.’ निरीक्षणे बदलली तर तीच फाईल पुन्हा चालवायची. आमचे चार दिवसांचे काम अशाने काही मिनिटांत झाले असते आणि ते तीन बिंदू मागे राहिलेच नसते.

याहून मोठा फायदा पडताळणीचा. उत्तर बरोबर असले तरी पायऱ्या दाखवल्या नसतील, तर आपण विद्यार्थ्याला पूर्ण गुण देत नाही. आज्ञांची फाईल म्हणजे आकृतीच्या पायऱ्याच. आकड्यांपासून आकृतीपर्यंत आपण कसे पोहोचलो, हे तिच्यावरून दुसऱ्या कोणालाही तपासता येते. या पद्धतीचा पहिला आलेख काढायला एखादी दुपार जाते, हे खरे. दहाव्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

रेषा की ठिपके?

संगणक चित्र दोन प्रकारे साठवतो. एका प्रकारात ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत इतक्या जाडीची रेषा’ असे वर्णन साठवले जाते. अशी आकृती कितीही मोठी केली तरी रेषा रेखीवच राहते. एसव्हीजी फाईल अशी असते. पीडीएफमध्येही आकृती अशा रीतीने साठवता येते. दुसऱ्या प्रकारात चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. छायाचित्रांना हाच प्रकार योग्य. जेपीईजी आणि पीएनजी या त्याच्या परिचित फायली. त्यांपैकी जेपीईजी जागा वाचवण्यासाठी माहितीची काटछाट करते, त्यामुळे आलेखातील अक्षरांभोवती धूसर डाग उमटतात.

थोडा हिशोब करू. नियतकालिकाचा एक स्तंभ सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच रुंद असतो. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर १,०५० ठिपके हवेत. पडद्यावरून उचललेले चित्र ४०० ठिपके रुंद असेल, तर इंचाला जेमतेम ११४ ठिपके मिळतील. सॉफ्टवेअर मधले ठिपके भरून देईल, पण नवी माहिती कुठून आणणार? अक्षरांचेही तसेच. २० सेंटिमीटर रुंद आकृती ९ सेंटिमीटरमध्ये बसवली की १२ पॉइंटांची अक्षरे ५.४ पॉइंटांची होतात. म्हणून छापील आकारमान सुरुवातीलाच ठरवू देणारे सॉफ्टवेअर निवडावे.

निवड आपली की सॉफ्टवेअरची?

आपण काहीच सांगितले नाही तर रंग, प्रमाण, आलेखाचा प्रकार हे सारे सॉफ्टवेअर स्वतः ठरवते. मॅटप्लॉटलिब पूर्वी आपसूक इंद्रधनुषी रंगपट्टी वापरत असे. तिच्यातली उजळता एकसारखी वाढत नाही. त्यामुळे आकड्यांत नसलेल्या सीमारेषा डोळ्यांना दिसतात. २०१७ पासून तिची जागा ‘व्हिरिडिस’ या पट्टीने घेतली. तिची उजळता समान वाढते आणि रंगांधळेपणा असलेल्यांनाही ती वाचता येते.

तीच गोष्ट सरासरीच्या स्तंभांची. १९७३ साली संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम्ब यांनी आकड्यांचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी, प्रमाण विचलन आणि सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा जवळजवळ एकच. पण बिंदू मांडले की एकात सरळ कल दिसतो, दुसऱ्यात वक्र, तर उरलेल्या दोहोंत एकच विक्षिप्त बिंदू सारे चित्र बदलतो. सरासरीचे स्तंभ काढले असते तर चारही आकृत्या सारख्याच दिसल्या असत्या. सुटे बिंदू सहज दाखवता येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचे नाही.

वर्गात काय करता येईल?

लंबकाची लांबी आणि आवर्तकाल यांची निरीक्षणे घ्या. पहिला आलेख आलेख-कागदावर हातानेच काढू द्या. प्रमाण निवडणे म्हणजे काय, ते तिथेच कळते. मग तोच आलेख लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये आणि नंतर ग्नूप्लॉटमध्ये काढायला सांगा. शेवटी एक निरीक्षण वगळून तिन्ही आलेख पुन्हा काढायला लावा आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मोजा. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात विनामूल्य सॉफ्टवेअर शिकवणारे पाठ आहेत, त्यांतील बरेच मराठीतही आहेत.

आमच्या प्रयोगशाळेत आता एक साधा नियम आहे. निबंध पाठवण्याआधी आकृतीची आज्ञा-फाईल आणि निरीक्षणे दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायची. त्याला कोणालाही न विचारता तीच आकृती काढता आली, तरच ती निबंधात जाते.