बीड ओतण्याआधीची वाळू

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पाहुणा आला की आधी भट्टीपाशी जाऊन थांबतो. साहजिकच आहे, वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बघत राहावं असंच असतं. पण कास्टिंग चांगलं उतरणार की भंगारात जाणार, हे बरंचसं त्याआधीच वाळूत ठरलेलं असतं.

सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि अगदी थोडं पाणी, एवढाच तिचा मसाला. मुरलेला मोल्डर लाडू वळावा तशी मूठभर वाळू दाबतो. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, तळहाताला काही चिकटलं नाही आणि मुटका मोडल्यावर कडा धारदार राहिल्या, की वाळू जमली. पाणी जास्त झालं तर वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची छिद्रं, पडतात. कमी झालं तर साच्याची कड ढासळून वाळू बीडात जाते. प्रयोगशाळेतली चाचणी हवीच, पण ही मूठही मला तितकीच मोलाची वाटते.

ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा घडवतात तो पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, मापापेक्षा थोडा मोठा करतात, कारण करडं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. बाजूंना उतार नसेल तर पॅटर्न उचलताना साचा फुटतो. आत पोकळी हवी तिथे वाळूचाच कोअर बसवतात. इंजिनाच्या सिलिंडर हेडमधल्या पाण्याच्या वाटा बघाव्यात. इतकी वळणं कुठलंही ड्रिल घेऊ शकत नाही. कोअरने ती जागा आधीच राखलेली असते, आणि नंतर तो फोडून काढतात. साच्याच्या खालच्या-वरच्या दोन पेट्या जुळल्या की सुमारे १,३५० ते १,४०० अंश सेल्सिअसचं बीड एकसलग ओतायचं. धार तुटली तर आधीचं आणि नंतरचं बीड एकजीव होत नाही.

या भागात हे ओतकाम रुजवलं शेतीने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर तयार झाले. कोल्हापुरात उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीला येत, पुढे तिथेच बनू लागले. आता मोटारी आणि ट्रॅक्टरचे भाग ओतले जातात. मोठ्या कारखान्यांत वाळू दाबायला यंत्रं आली आहेत.

कामगाराला खरा धोका मात्र याच वाळूचा. साचा फोडताना आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, ग्राइंडर लावताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. फुफ्फुसात ती साचत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. ग्राइंडरपाशीच धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागते, आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा, धूळ गाळणारा मास्क.