पंचविसाचा पाढा
(आपली गंगाजळी : भाग ६)

पहिल्या भागापासून ज्यांनी खर्चाची वही धरली आहे, त्यांच्या हाती एव्हाना महिन्याचा एक खराखुरा आकडा आला असेल. आज त्याला आधी बाराने आणि मग पंचविसाने गुणायचं आहे. येणारं उत्तर म्हणजे नोकरी सुटली किंवा सोडली तरी घर चालू राहावं यासाठी लागणारी पुंजी, असं सर्रास सांगितलं जातं. यूट्यूबवरचे सल्लागार तर ते गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखं सांगतात. ते तसं नाही.

हा पंचवीस अमेरिकेतून आला. कॅलिफोर्नियातले आर्थिक सल्लागार विल्यम बेन्गन शिक्षणाने विमानशास्त्राचे. सल्लागार होण्याआधी ते घरच्या शीतपेयांच्या धंद्यात होते. दरवर्षी किती पैसे काढले तर मरेपर्यंत पुरतील, हा निवृत्तांचा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर सरासरी परताव्यावरून काढायची तेव्हा पद्धत होती. बेन्गननी सरासरी बाजूला ठेवली आणि १९२६ पासूनच्या अमेरिकी शेअर बाजाराचे, सरकारी रोख्यांचे आणि महागाईचे आकडे घेतले. मग जणू दरवर्षी एक माणूस निवृत्त होतोय असं धरून प्रत्येकाची पुंजी किती टिकते ते तपासलं. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला : साधारण निम्मे पैसे शेअरमध्ये, उरलेले रोख्यांत, पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ. एवढं पाळलं तर त्या इतिहासातल्या सगळ्यात कमनशिबी माणसाचेही पैसे तीस वर्षं पुरले असते. हा कमनशिबी माणूस १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेला. सुरुवातीलाच बाजार आपटला आणि वर महागाई भडकली, असा दुहेरी मार त्याला बसला. चार टक्के उलटे केले की होतात पंचवीस पट.

आता आपल्याकडे या. ही आकडेमोड तीस वर्षांची आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढायची असतात. शिवाय ती अमेरिकेतल्या महागाईवर बेतलेली आहे. आपली रिझर्व्ह बँक ज्या ४ टक्क्यांच्या आसपास महागाई ठेवायचं लक्ष्य बाळगते, तोच आकडा तिकडच्या लक्ष्याच्या दुप्पट. आणि निवृत्त मराठी माणसाची पुंजी शेअरमध्ये निम्मी कधी होती? ती मुदत ठेवीत आणि पोस्टात. व्याजावर जगू म्हणणाऱ्यांची काय गत होऊ शकते हे पीपीएफच्या दरावरून पाहा. १९८६ पासून जानेवारी २०००पर्यंत तो १२ टक्के होता. मार्च २००३ मध्ये ८ टक्क्यांवर आला, म्हणजे सव्वातीन वर्षांत एक तृतीयांश गळाला. बँकांच्या ठेवींचे दरही त्याच सुमारास उतरले. आज पीपीएफवर ७.१ टक्के मिळतात.

म्हणून मी पंचवीसऐवजी तीस धरतो आणि पन्नाशीच्या आत सोडणाऱ्याला पस्तीस सांगतो. यामागे कुठला शास्त्रीय पुरावा नाही, निव्वळ सावधपणा आहे.

पण पट कितीची यावर वाद घालणारे लोक ज्याला गुणायचं तो आकडाच चुकीचा घेतात, आणि खरा घोटाळा तिथे होतो. वहीत महिन्याचे खर्च येतात : किराणा, दूध, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस, मोबाइल. वर्षातून एकदाच येणारा खर्च ‘यंदा जरा जास्तच झालं’ म्हणून हिशेबाबाहेर राहतो. समजा, डोंबिवलीतलं एक जोडपं आहे, घर स्वतःचं, मुलगी कमावती. महिन्याचा खर्च वहीत ३८ हजार निघतो, वर्षाचे ४ लाख ५६ हजार. आता उरलेलं मोजा. मेडिक्लेमचा हप्ता ३२ हजार. गणपतीला गावी जाणं-येणं आणि तिथला वाटा, १८ हजार. दिवाळी १५ हजार. लग्नकार्यातले आहेर आणि प्रवास १२ हजार. मालमत्ता कर ६, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ७. दात आणि चष्मे १४. आणि कंप्रेसर गेलेला फ्रीज, गळणारी टाकी, पडलेला मोबाइल यांतलं दरवर्षी काहीतरी निघतंच, त्याचे २० हजार. बेरीज १ लाख २४ हजार. या ‘अधूनमधून’च्या खर्चाला पंचविसाने गुणलं तरी ३१ लाख होतात, तिसाने ३७ लाख २० हजार. ज्या माणसाने सव्वा कोटी जमले की राजीनामा द्यायचं ठरवलं आहे, त्याला या ३१ लाखांचा पत्ताच नसतो.

मेडिक्लेमचं तर वेगळंच. वय वाढलं की त्याचा हप्ता वयोगट ओलांडताना उडी मारतो. आजच्याच हप्त्याला गुणणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं आहे.

हाच पाढा उलटा म्हटला की साधं राहणं म्हणजे नेमकं काय ते कळतं. महिन्याचा हजार रुपयांचा कायमचा खर्च म्हणजे तीस पटीने ३ लाख ६० हजारांची पुंजी. मुंबईत लोकलने जाणाऱ्या घराने केवळ शेजाऱ्याकडे आहे म्हणून गाडी घेतली. पेट्रोल, विमा, पार्किंग, सर्व्हिसिंग धरून महिन्याला ९ हजार गेले, तर ती गाडी ३२ लाख ४० हजार मागते. आणि यात गाडीची किंमत धरलेलीच नाही. आता बचतीच्या लेखांतला तो ठरलेला चहा. रोज १५ रुपयांची एक कटिंग, तीस पटीने १ लाख ६२ हजार. ती खुशाल प्या. चहा तोडणारे लोक पुढे पंधरा लाखांचा हॉल बुक करतात, असं मी फार पाहिलं आहे.

पगाराचा यात उल्लेख का नाही, असं काहींना वाटेल. कारण किती वर्षं लागणार हे पगारावर नाही, पगारातला किती भाग मागे पडतो यावर ठरतं. महागाई वजा जाता ३ टक्के परतावा आणि तीस पट धरली, तर १० टक्के बचत करणाऱ्याला शून्यापासून सुमारे ७५ वर्षं लागतात, म्हणजे कधीच नाही. २५ टक्क्यांना ४४ वर्षं. अर्धा पगार वाचवणाऱ्याला २२. मग पगार चाळीस हजार असो वा चार लाख. अर्थात चाळीस हजारांत, भाड्याच्या घरात आणि आईवडिलांचं औषधपाणी पाहून अर्धे वाचवणं किती जणांना जमेल? जे चार लाख कमावून काही उरत नाही म्हणतात, त्यांच्यासाठी हा हिशेब जास्त आहे.

राहतं घर या पुंजीत धरायचं नाही. त्याने भाडं वाचतं, ते खर्चाच्या बाजूला आधीच आलं आहे. पण त्याचा चौरस फूट मोडून किराणा भरता येत नाही. बायकोचे, आईचे दागिनेही सोडा. घरोघरी ते मोजले जातात आणि कोणीच विकत नाही.

या आठवड्याचं काम एवढंच : बँकेच्या ॲपमधून गेल्या एप्रिल ते मार्चचं स्टेटमेंट काढा आणि वर्षातून एकदा-दोनदाच आलेल्या प्रत्येक रकमेखाली रेघ मारा. यूपीआयमुळे आहेराची पाकिटंही आता त्यात सापडतात. बेरीज बाराने भागून वहीतल्या महिन्याच्या आकड्यात मिळवा. पुढच्या भागात पीपीएफ : पंधरा वर्षं झाल्यावर खातं बंद न करता पाच-पाच वर्षांनी कसं वाढवायचं, आणि पैसे पाच तारखेच्या आत का भरायचे.